‘मोजकीच पाडली म्हणून दुर्मिळ’? नाही दाजी, आटवली म्हणून!

आमच्या भावकीच्या ग्रुपवर पंधरा दिवसांत एकच पोस्ट चार वेळा आली. चौथ्यांदा ती दाजींनी टाकली आणि खाली लिहिलं, “गलाईवाल्यांनो, यावर बोला.” आता दाजींनी विचारलं म्हटल्यावर बोलणं आलं.

पोस्ट थोडक्यात अशी: “अमेरिकन सरकारने १७९५ साली आपल्या खाणींतून शुद्ध २४ कॅरेट सोनं काढून पहिली सोन्याची नाणी पाडली. ती श्रीमंतांसाठी मुद्दाम मोजकीच पाडली, म्हणून आज दुर्मिळ आहेत. यंत्रावर पाडल्यामुळे सगळी हुबेहूब सारखी. ओरखडा असलेलं किंवा किंमत न लिहिलेलं नाणं नकली समजावं. १८२२ च्या पाच डॉलरच्या १७,७९६ नाण्यांपैकी फक्त तीन सापडली आहेत, बाकीची लोकांच्या घरांत पडून आहेत. १९३३ मध्ये सरकारने संग्राहकांकडचीही नाणी जप्त केली. असं एक नाणं १३८ कोटींना विकलं गेलं. आजी-आजोबांची पेटी तपासा, नाणं लिंबू-चिंचेने स्वच्छ करा आणि खालच्या नंबरवर फोटो पाठवा.”

आम्ही विट्याकडचे. आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली. माझे आजोबा कोईमतूरला भट्टी लावून बसायचे. जुनं सोनं आटवायचं म्हणजे वितळवायचं, टंच म्हणजे शुद्धता काढायची, लगड म्हणजे वीट करून द्यायची. त्यांच्या नातवाला नाद लागला तो जुन्या नाण्यांचा, म्हणजे आजोबांनी आयुष्यभर जे मुशीत टाकलं ते जपणाऱ्यांचा. त्यामुळे ही पोस्ट वाचताना माझं डोकं दोन्ही बाजूंनी तापतं.

आधी फोटो. पोस्टमध्ये मशाल घेऊन उभी असलेली स्त्री दिसते, ते नाणं वीस डॉलरचं आणि ते चित्र १९०७ पासूनचं. १७९५ शी त्याचा काही संबंध नाही. १३८ कोटींचा आकडाही तिथलाच. १९३३ सनाचं वीस डॉलरचं एक नाणं जून २०२१ मध्ये जवळपास १ कोटी ८९ लाख डॉलरला गेलं, ते तेव्हाच्या दराने रुपयांत केलं की १३८ कोटी होतात. म्हणजे गोष्ट पणजोबांची, फोटो नातवाचा आणि किंमतही नातवाचीच.

“सरकारने आपल्या खाणींतून २४ कॅरेट सोनं काढलं”

एका वाक्यात तीन चुका. २ एप्रिल १७९२ च्या कायद्याने अमेरिकेत टांकसाळ उभी राहिली आणि सोन्याची तीन नाणी ठरली. ईगल म्हणजे दहा डॉलर, हाफ ईगल पाच, क्वार्टर ईगल अडीच. कस ठरला बारात अकरा भाग, म्हणजे आपलं बावीस कॅरेट. हाफ ईगलचं वजन ८.७५ ग्रॅम, ईगलचं त्याच्या दुप्पट. चोख सोन्याचं नाणं खिशात झिजतं, हे तेव्हाच्या कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं.

सरकारची खाण तर नव्हतीच. सोनं आणायचं लोकांनी. व्यापाऱ्याने लगड, परदेशी नाणी, मोडीचे दागिने घेऊन फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत जायचं. तिथे टंच निघणार, सोनं आटणार आणि तेवढ्याच सोन्याची नाणी त्याला परत मिळणार. घडणावळ शून्य! थांबायची तयारी नसेल आणि हातोहात नाणी हवी असतील, तर अर्धा टक्का कापून घेत. सुरुवातीच्या ठेवीदारांत बॉस्टनचा मोझेस ब्राऊन नावाचा व्यापारी होता. सोन्याची पहिली नाणी, ७४४ हाफ ईगल, ३१ जुलै १७९५ ला तयार होऊन पोचती झाली. कायदा १७९२ चा आणि नाणं १७९५ चं, याचं कारण मजेशीर आहे. मुख्य नाणेकार आणि टंच काढणारा अधिकारी, दोघांनीही प्रत्येकी १०,००० डॉलरचा जामीन द्यायचा होता आणि एवढी ऐपत दोघांचीही नव्हती. १७९४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिकडच्या संसदेने, जामिनाची रक्कम उतरवली, तेव्हा कुठे सोन्या-चांदीचं काम सुरू झालं.

खाणीचं सोनं आलं ते नंतर. १७९९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात कॉनरॅड रीड नावाच्या बारा वर्षांच्या पोराला ओढ्यात साधारण सतरा पौंडांचा पिवळा धोंडा सापडला. घरच्यांनी तो दार अडवायला वापरला. तीन वर्षांनी बापाने तो एका सोनाराला साडेतीन डॉलरला विकला. त्या सोनाराबद्दल आमच्या धंद्यातल्या माणसाने काही बोलू नये हे बरं. १८०४ पासून त्या भागातलं सोनं टांकसाळीत येऊ लागलं.

आणि ‘पहिली नाणी’ म्हणाल तर सरकारच्याही आधी एका सोनाराने पाडली होती. न्यूयॉर्कचा इफ्रेम ब्रॅशर. हा जॉर्ज वॉशिंग्टनचा शेजारी. बाजारात फिरणाऱ्या परदेशी सोन्याच्या नाण्यांचं वजन-कस तपासून तो त्यांवर आपल्या नावाचा ‘ईबी’ असा छोटा शिक्का मारायचा, आणि त्या शिक्क्यावर लोक व्यवहार करायचे. आपल्याकडे पेढीचा शिक्का बघून जुना दागिना मोडीत घेतात, तसंच. १७८७ मध्ये त्याने डब्लून या स्पॅनिश सोन्याच्या नाण्याच्या वजनाची, सुमारे २६.४ ग्रॅमची, स्वतःची नाणी पाडली. सात माहीत आहेत. सहांवर शिक्का गरुडाच्या पंखावर आहे, एकावर छातीवर. पंखावरचं एक जानेवारी २०२१ मध्ये ९३ लाख ६० हजार डॉलरला गेलं. पुढे टांकसाळ उघडली तेव्हा तिच्यासाठी काही नाण्यांचे टंच याच ब्रॅशरने काढून दिले. सरकारलासुद्धा सुरुवात सोनाराला विचारूनच करावी लागली, हे मी दाजींना मुद्दाम सांगतो, कारण दाजी सरकारी नोकरीत होते.

“यंत्रावर पाडली, सगळी सारखी, ओरखडा म्हणजे नकली”

हे यंत्र कसलं ते बघा. वाफ नाही, वीज नाही. पत्रा लाटायच्या रुळांना घोडे जुंपलेले. रुळातून काढलेल्या सोन्याच्या पट्टीतून चकत्या कापायच्या. मग प्रत्येक चकती तराजूत. हलकी भरली तर परत मुशीत. जड भरली तर कानस घेऊन घासायची, काटा बरोबर येईपर्यंत. १७९५ मध्ये या कामावर सारा वॉल्ड्रेक आणि रेचेल समर्स या दोन बायका लागल्या, रोज ५० सेंटवर. त्यांच्या हाताखालून गेलेलं एक ईगल म्हणजे त्यांची वीस दिवसांची मजुरी.

मग दोन दातेरी पट्ट्यांमध्ये चकती लोळवून कडेला दाते पाडायचे आणि शेवटी स्क्रू-प्रेस. वरून मोठा मळसूत्री खांब, त्याला आडवा जड दांडा, माणसं तो हिसक्याने ओढणार, ठसा खाली आपटणार. हाताच्या जोराचं काम, दाब कमी-जास्त होणारच. जिथे दाब कमी पडला तिथे कानशीच्या रेघा पुरत्या दबल्या नाहीत, आणि सव्वादोनशे वर्षांनी त्या आपल्याला दिसतात. समांतर, बारीक, ठशाखाली चेपलेल्या. नंतर कुणी ओरखडा काढला तर तो चित्र कापत जातो आणि त्याच्या कडेला धातू उचललेला असतो. भिंगातून एकदा बघितलं की फरक विसरत नाही. पोस्ट ज्याला नकलीपणाची खूण म्हणते, ती बऱ्याचदा त्या दोघींसारख्या कुणाच्या तरी हाताची खूण असते.

हुबेहूब सारखेपणाचं तर नावच नको. ठशाचं मुख्य चित्र टांकसाळीतल्या कोरणाऱ्या रॉबर्ट स्कॉटचं, पण तारे, अक्षरं, सनाचे आकडे एकेक करून हाताने ठोकलेले. त्यामुळे प्रत्येक ठसा वेगळा. १७९५ च्या ईगलवर गरुडाने धरलेल्या फांदीला बहुतेक ठिकाणी तेरा पानं आहेत, काहींवर नऊ. नऊ पानांसाठी संग्राहक जास्त पैसे मोजतात. पोलादी ठसा महाग, म्हणून तो फुटेपर्यंत वापरायचा. १८०१ सनाचं हाफ ईगल अस्तित्वातच नाही, पण ठसे तयार होते. मग काय करणार? १ वर २ ठोकला. १८०२ ची सगळी हाफ ईगल अशी आहेत, दोनाच्या खाली एक डोकावतो. डॅलसच्या हॅरी बास या संग्राहकाने अशा ठशांच्या जातीच जमवल्या. तेच नाणं, तोच सन, पण एक तारा किंचित सरकलेला असला की त्याला दुसरं हवंच.

किंमत न लिहिण्याचं म्हणाल, तर सुरुवातीच्या सोन्याच्या एकाही नाण्यावर किंमत नाही. हाफ ईगलवर ती १८०७ मध्ये जॉन राईशच्या नव्या ठशापासून आली, क्वार्टर ईगलवर १८०८ पासून, ईगलवर थेट १८३८ मध्ये. सोन्याचं नाणं लोक वाचत नव्हते, तोलत होते. उलट १७९५ च्या ईगलवर ‘दहा डॉलर’ लिहिलेलं असेल, तर ते खुशाल नकली समजा.

“श्रीमंतांसाठी मुद्दाम मोजकीच पाडली”

पोस्टचं हे खरं मर्म, आणि इथेच ती सपशेल आपटते.

तीन आकडे शेजारी ठेवतो. १८१५ मध्ये हाफ ईगल पाडली ६३५. आज त्यांतली अकराच्या आसपास माहीत आहेत. १८२२ मध्ये पाडली १७,७९६. आज तीन. १८२० मध्ये पाडली २,६३,८०६, म्हणजे अडीच लाखांच्या वर, आणि तीही आज सहजी मिळत नाहीत. कमी पाडल्याने दुर्मिळ होत असती, तर १८१५ चं नाणं १८२२ च्या अठ्ठावीसपट दुर्मिळ हवं होतं. इथे तर गणित उलटं.

कारण टांकसाळीत शोधू नका, मुशीत शोधा. १७९२ च्या कायद्याने सोन्याचा भाव चांदीत बांधून दिला, एकास पंधरा. फिलाडेल्फियात पंधरा तोळे चांदीला तोळाभर सोनं. तिकडे फ्रान्समध्ये १८०३ पासून तोळाभर सोन्याला साडेपंधरा तोळे चांदी. आता तुम्ही व्यापारी असाल तर काय कराल? हाच धंदा झाला. अमेरिकेतून सोन्याची नाणी जहाजात घालायची, युरोपात वजनावर मोडायची, चांदी घेऊन परत यायचं. तोळ्यामागे अर्धा तोळा चांदी सुटते, त्यातून जहाजाचं भाडं गेलं तरी परवडतं. ईगल जितकं मोठं तितकं न्यायला सोयीचं, म्हणून ते सगळ्यात आधी पळालं. १७९५ पासून दहा वर्षांत पाडलेल्या ईगलची गळती बघून १८०४ नंतर ते पाडणंच थांबलं, ते पुढे ३४ वर्षं.

हाफ ईगल चालू राहिलं. पण १८२१ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने नोटांच्या बदल्यात पुन्हा सोनं द्यायला सुरुवात केली आणि युरोपातली सोन्याची ओढ आणखी वाढली. १८२० नंतरची हाफ ईगल आज इतकी विरळ आहेत ती याचमुळे. टांकसाळ पाडत होती आणि समुद्रापलीकडच्या भट्ट्या आटवत होत्या. आपल्याच पैशाने, घडणावळ न घेता, दुसऱ्याच्या मुशीसाठी सुबक लगडी करून देणारी टांकसाळ! बाजारात ही नाणी सामान्य माणसाच्या हाती क्वचितच पडत. बँकांच्या तिजोऱ्यांतून ती पोत्यांत जात आणि पोत्यांतून जहाजात.

मग घरचाच घाव बसला. २८ जून १८३४ च्या कायद्याने सोन्याच्या नाण्यांचं वजन आणि कस दोन्ही उतरवले. नव्या दहा डॉलरमध्ये चोख सोनं २३२ ग्रेन (ग्रेन हे तिकडचं वजनाचं माप), जुन्यात २४७.५. म्हणजे जुन्या पाच डॉलरच्या नाण्यात आता पाच डॉलर तेहतीस सेंटचं सोनं झालं. जुनं-नवं ओळखू यावं म्हणून विल्यम नीसने ठसा बदलला आणि मागच्या बाजूचं लॅटिन ब्रीदवाक्य काढून टाकलं. झालं, ओळख सोपी झाली आणि मोडणंही सोपं झालं. शंभराची नोट मोडीत एकशे सहाला जाते म्हटल्यावर कोण ठेवेल?

“बाकीची लोकांच्या घरांत पडून आहेत”

तीन हा आकडा मात्र पोस्टने बरोबर दिलाय. त्यांतली दोन वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत. एक टांकसाळीच्या स्वतःच्या संग्रहातून आलं, दुसरं औषध कंपनीवाल्या जोसाया लिली यांच्या सहा हजारांहून जास्त सोन्याच्या नाण्यांबरोबर १९६८ मध्ये. खाजगी हातात एकच उरलं. बॉल्टिमोरच्या लुई इलियासबर्ग यांच्या संग्रहातलं हे नाणं १९८२ मध्ये ६ लाख ८७ हजार ५०० डॉलरला गेलं आणि मार्च २०२१ मध्ये ८४ लाख डॉलरला, म्हणजे साठ कोटी रुपयांच्या वर.

पण १७,७९६ वजा ३ बरोबर १७,७९३ ‘पडून असलेली’ हे गणित चूक आहे. एक तर टांकसाळीची नोंद ही त्या वर्षात किती नाणी पोचती केली याची आहे, त्यांवर कोणता सन होता याची नाही. जुने ठसे पुढच्या वर्षी वापरणं नेहमीचं. दुसरं म्हणजे, आटवलेल्या नाण्याची हजेरी कुठेच लागत नाही. आजोबांची एक वही माझ्याकडे आहे. तीत एका पानावर ‘पुतळ्या ११’ (पुतळी म्हणजे माळेत ओवायचं सोन्याचं नाणं), पुढे वजन, पुढे टंच, पुढे मजुरी. त्या पुतळ्या व्हेनिसच्या होत्या की इकडच्या सोनाराने केलेल्या नकला, त्यांवर कुणाचं नाव होतं, काही नाही. आजोबांना त्याचं कामच नव्हतं. लंडन-पॅरिसच्या भट्टीवाल्यालाही १८२२ या आकड्याचं काम नव्हतं.

दाजी म्हणतील, कधीकधी सापडतं की. सापडतं. सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीच्या १८५४ च्या हाफ ईगलची नोंद २६८ आहे. २०१८ पर्यंत तीनच माहीत होती आणि मग न्यू इंग्लंडमधल्या एकाकडे चौथं निघालं. त्याला आधी ते नकलीच वाटलं होतं. पण दीडशे वर्षं संग्राहक, दलाल आणि लिलाववाले दिवा घेऊन शोधत असताना एक सापडणं वेगळं आणि हजारो पडून असणं वेगळं.

“१९३३ मध्ये संग्राहकांकडचीही जप्त केली”

नाही. लोकांकडचं सोनं जमा करायला लावणाऱ्या, अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या ५ एप्रिल १९३३ च्या आदेशातच लिहिलंय की माणशी शंभर डॉलरपर्यंतची सोन्याची नाणी आणि संग्राहकांच्या दृष्टीने विशेष मोल असलेली दुर्मिळ नाणी यांना सूट आहे. शिवाय १७९५ ते १८३४ ची जी नाणी आटायची ती त्याआधी शंभर वर्षं आटून गेली होती. आपल्याकडे सुवर्ण नियंत्रणाच्या काळात चौदा कॅरेटच्या सक्तीने सोनारांच्या घरी चुली थंडावल्या, त्याच्या आठवणी अजून ताज्या आहेत. त्यामुळे ‘सरकारने सोनं नेलं’ हे वाक्य आपल्याला लगेच पटतं, एवढंच.

मग वाचवली कुणी? पोस्टमध्ये यांचा उल्लेखच नाही, आणि मला तर हीच माणसं सगळ्यात जवळची वाटतात. पहिलं नाव ॲडम एकफेल्ट, टांकसाळीचा मुख्य नाणेकार. चांगली नाणी तो बाजूला काढून ठेवायचा. त्याच साठ्यातून १८३८ मध्ये टांकसाळीचा संग्रह उभा राहिला आणि विल्यम ड्युबॉइसने तो सांभाळला. मोडीत आलेल्या जुन्या नाण्यांतून एखादं संग्रहासाठी उचलायचं आणि त्याच्या वजनाचं सोनं भरून द्यायचं. भट्टीच्या तोंडातून परत काढणं म्हणतात ते हेच. १९२३ मध्ये हा संग्रह स्मिथसोनियनला गेला.

बाहेर मात्र संग्राहक नव्हतेच म्हणा ना. फिलाडेल्फियात पियानो दुरुस्त करणारा जोसेफ मिकली आपल्या जन्मसालाचं, १७९९ चं, तांब्याचं सेंट शोधायला निघाला आणि ते सहज मिळेना, म्हणून नादाला लागला. तांब्याचंच का? कारण दहा डॉलरचं ईगल छंदासाठी पेटीत ठेवणं त्या काळी कुणाला परवडणार! १८५७ मध्ये जुनं मोठं सेंट बंद झालं, तेव्हा लोकांना अचानक ते जपावंसं वाटू लागलं आणि छंद फोफावला. तोवर सोन्याचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

लिंबू-चिंच आणि तो नंबर

चिंच तांब्याच्या घागरीला. जुन्या नाण्याला नाही. घासलेल्या नाण्याचा मूळ पृष्ठभाग जातो, आणि तपासून प्रत ठरवणाऱ्या कंपन्या त्यावर ‘साफ केलेलं’ असा शेरा मारतात. मग किंमत कोसळते.

नंबरवर फोटो पाठवला की पुढे नोंदणी फी, कमिशन, कर असं काही ना काही मागतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये अशाच प्रकारांबद्दल जाहीर इशारा दिला होता. जुनी नाणी-नोटा विकून देतो म्हणून बँकेच्या नावाने पैसे उकळले जात होते. पेटीत काही निघालंच तर जवळच्या पेढीवर नेऊन फक्त तोलून घ्या. १८३४ पूर्वीचं हाफ ईगल ८.७५ ग्रॅम, नंतरचं ८.३६. आपल्याकडच्या पेट्यांत निघते ती बहुधा गिनी, म्हणजे इंग्रजांची सोन्याची सॉव्हरिन, ७.९८ ग्रॅम.

दाजींच्या आत्यांच्या पेटीत दोन गिन्या निघाल्या, कडी जोडलेल्या. कडीचं वजन वजा जाता बरोबर भरल्या. आत्यांनी त्या लगेच परत रुमालात बांधल्या आणि दाजींना सांगितलं, फोटोबिटो काही काढायचा नाही.